मांडवी-झुआरी आणि खाजन: कोणता डेटा उघडा करायचा, याच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५

नदीमुखाचे पाणी आणि काठची खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतली शेती) यांचा एकत्र अभ्यास करणारा गट प्रकल्प आवरतो आहे. मांडवी, झुआरी, दोन्हींना जोडणारा कुंभारजुवे कालवा आणि तिसवाडी, बार्देश, सासष्टीतली नऊ गावे एवढा पसारा. डेटा सार्वजनिक करा, अशी निधीची अट आहे. गटाचा आमच्या डेटा कक्षाला प्रश्न: सगळा द्यायचा, की काहीच द्यायचा नाही?

याला उत्तर देण्याआधी यादी हवी. अख्ख्या प्रकल्पाला एकच निर्णय लागू होत नाही. तो फाइलगणिक घ्यावा लागतो, पुष्कळदा रकान्यागणिक. केंद्र सरकारचे २०१२चे डेटा सहभाग धोरणही तीन पायऱ्या मानते: सर्वांना खुला, नोंदणी करून मिळणारा आणि मर्यादित.

आज फक्त मोजदाद केली. सर्व्हरवरचा सगळा २१४ जीबी मजकूर दोन डिस्कवर उतरवला, दोन्ही प्रती फक्त वाचता येतील अशा केल्या आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (मजकुरावरून निघणारा, फाइलीच्या ठशासारखा क्रमांक) काढून यादीत घातला. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून कॉपी झाल्यावर दोन्हीकडचे चेकसम ताडून पाहिले. एका डिस्कवर चार फाइली अर्धवट उतरल्या होत्या. आकार शून्य नव्हता, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ते कळलेच नसते.

ज्यांचे चेकसम सारखे त्या फाइली हुबेहूब नकला, त्यांतली एक ठेवायची. पण ‘फायनल’, ‘फायनल-खरे’ आणि ‘फायनल-नवे’ या तिघींचे चेकसम वेगळे निघाले. अशांपैकी कुठलीही फेकायची नाही. छापलेल्या पेपरातला तक्ता कुठल्या फाइलीवरून हुबेहूब निघतो ते बघायचे, आणि ती खरी.

यादीचे रकाने: फाइलीत काय आहे, कोणी व कधी गोळा केले, कुठल्या उपकरणाने, कुठल्या पेपरात वापरले, पुन्हा गोळा करता येईल का, माणसांविषयी काही आहे का, नेमकी जागा आहे का, दुसऱ्या कुणाकडून आणलेले आहे का. शेवटच्या चार रकान्यांवर पुढचा महिना जाणार.

३ जून

गटाबरोबर पहिली बैठक. संशोधकाला ‘हे महत्त्वाचे आहे का’ असे विचारले की सगळेच महत्त्वाचे असते. म्हणून विचारायचे ते असे: उद्या ही फाइल नाहीशी झाली तर ती परत कशी मिळवाल? उत्तर ‘प्रोग्रॅम पुन्हा चालवू’ असेल तर फाइल खालच्या रांगेत जाते, ‘मिळणार नाही’ असेल तर सगळ्यात वर.

आज सगळ्यात वर गेली ती जेमतेम ४०० केबीची एक एक्सेल फाइल. तिच्यात २०११ ते २०१३ दरम्यान दर महिन्याला घेतलेल्या पाण्यातल्या गाळाची मोजमापे आहेत. सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि मांडवी-झुआरीतून मुरगावकडे जाणाऱ्या खनिजाच्या बार्जींची ये-जा बंद पडली. त्या आधीचे आणि नंतरचे पाणी आता कोणी कितीही पैसे दिले तरी बाटलीत भरता येणार नाही. गटाने मात्र ही फाइल ‘जुने, किरकोळ’ नावाच्या फोल्डरात ठेवली होती, कारण तिच्यावर पेपर झालेला नव्हता. ‘पेपर झाला नाही’ हे डेटा न देण्याचे कारण म्हणून फार वेळा ऐकू येते. आमच्या मते अशाच फाइलीची काळजी आधी घ्यायला हवी, कारण तिचे वर्णन दुसरीकडे कुठेच छापलेले नसते.

तिथे एक उणीव सापडली. गाळाचा आकडा फक्त मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये होता. किती लिटर पाणी गाळले, कोरड्या फिल्टरचे आधीचे वजन, गाळल्यानंतरचे वजन आणि फिल्टरची छिद्रे ०.४५ मायक्रॉनची की ०.७ची, हे वहीत होते. छिद्रांचा फरक पडला तर दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. वहीतून चारही रकाने उतरवायला घेतले.

५ जून

प्रवाहाच्या मॉडेलचे आउटपुट: १५१ जीबी. म्हणजे एकूण वजनाच्या दोन तृतीयांशाहून जास्त, आणि पुन्हा काढता येणारे. द्यायचे ते असे: मॉडेलचा कोड व त्याची आवृत्ती, नदीतळाच्या खोलीची जाळी, समुद्राकडच्या टोकाची भरती, वरून येणारे पाणी, वाऱ्याची फाइल आणि सगळ्या सेटिंगांची फाइल. आउटपुटपैकी शेवटच्या रनची दैनिक सरासरी (साडेतीन जीबी) आणि ज्या सहा ठिकाणी मोजमापांशी तुलना केली तिथले तासातासाचे आकडे. चाचणीचे रन कुणाला उपयोगाचे नाहीत. एक मात्र ठेवले. त्यात तळाचे घर्षण बदलल्यावर क्षारता किती आत सरकते ते दिसते आणि पेपरातले एक वाक्य त्यावरच उभे आहे.

सेंटिनेल-२ची उपग्रह चित्रे ३८ जीबी. ती मुळातच फुकट मिळतात, पुन्हा वाटायची गरज नाही. दृश्यांचे क्रमांक आणि तारखांची एक छोटी फाइल पुरते.

९ जून

पाण्याचे तक्ते. मूळ उपकरणाच्या फाइली आणि साफ केलेला तक्ता दोन्ही द्यायचे, मध्ये साफसफाईची स्क्रिप्ट. सीटीडीच्या (क्षारता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणाच्या) मूळ फाइलीबरोबर त्या फेरीची कॅलिब्रेशन फाइल नसेल तर मूळ फाइल निरुपयोगी. दोन फेऱ्यांची कॅलिब्रेशन फाइल उपकरणाच्या लॅपटॉपवरच राहिली होती, ती आणली.

मग शून्यांचा प्रश्न. क्षारतेच्या रकान्यात जुलै-ऑगस्टमध्ये ढीगभर शून्ये आहेत. दुसऱ्या किनाऱ्यावर ती चूक ठरली असती. इथे पावसाळ्यात वरच्या भागातल्या स्टेशनांवर पृष्ठभागाचे पाणी गोडेच असते, त्यामुळे शून्य खरेही असू शकते. पण कोणीतरी रिकाम्या जागाही शून्यांनी भरल्या आहेत. वेगळे करायची युक्ती सोपी निघाली: त्याच ओळीत तापमानही शून्य असेल तर ते मोजमाप झालेलेच नाही, कारण गोव्याच्या नदीत पाणी शून्य अंशाला जात नाही. तापमान २७ आणि क्षारता शून्य असेल तर ते खरे. उरलेल्या काही ओळींत तापमान मोजलेलेच नव्हते, त्या वहीशी ताडल्या.

काहीही खोडले नाही. प्रत्येक मोजमापापुढे खुणेचा रकाना घातला. समुद्रशास्त्रात रुळलेलेच आकडे घेतले: १ चांगले, २ तपासलेले नाही, ३ शंकास्पद, ४ वाईट, ९ मोजमाप नाही. वाईट मोजमाप खोडले तर पुढच्या माणसाला ते का खोडले हे कधीच कळत नाही. पाण्यात दोन महिने टांगलेल्या वाहकता-सेन्सरचे उदाहरण बघा. बार्नेकल आणि शेवाळ चढत गेले की क्षारता हळूहळू कमी दिसू लागते, आणि ज्या दिवशी सेन्सर घासला त्या दिवशी ती एकदम उडी मारते. ती उडी पाहून कुणी नदीत काही घडले असा अर्थ लावू नये, म्हणून घासण्याच्या तारखांची वेगळी फाइल जोडली आणि उडीच्या आधीच्या १२ दिवसांना ३ ही खूण दिली.

१० जून

विरघळलेला ऑक्सिजन. काही वर्षांचे आकडे ४च्या आसपास, पुढच्या वर्षांचे ६च्या. पाणी सुधारलेले नाही, एकक बदलले आहे. आधी मिलिलिटर प्रति लिटर, नंतर मिलिग्रॅम प्रति लिटर. पहिल्याला १.४२९ने गुणले की दुसरे येते. ४.२चे ६.० होतात. रकान्याच्या नावातच एकक लिहिले आणि सगळे मिलिग्रॅममध्ये आणले. मूळ आकड्यांचा रकाना शेजारी तसाच ठेवला.

वेळ. उपकरणे ग्रिनिचच्या वेळेवर, वही आपल्या वेळेवर, आणि तक्त्यात दोन्ही मिसळलेले. साडेपाच तासांचा हा फरक आपल्या नद्यांत फार महागात पडतो. भरतीपासून ओहोटीला सव्वासहा तासांच्या जवळपास लागतात, त्यामुळे साडेपाच तासांची चूक भरतीच्या मोजमापाला जवळजवळ ओहोटीचे करून टाकते. तपासले असे: प्रत्येक फेरीत क्षारता सर्वांत जास्त केव्हा होती ते काढले आणि मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्याशी लावले. तीन फेऱ्या उलट्या निघाल्या. आता वेळेचा एकच रकाना, मागे ‘+०५:३०’ लिहिलेला.

११ जून

जागा. चार स्टेशने नकाशावर अरबी समुद्रात पडली. वहीत १५ अंश २४.५ मिनिटे आणि ७३ अंश ५१ मिनिटे असे होते. तक्त्यात ते १५.२४५ आणि ७३.५१ झाले. मिनिटांना ६०ने भागायचे असते, म्हणजे १५.४०८३ आणि ७३.८५. चूक दक्षिणेला सुमारे १८ किलोमीटरची आणि पश्चिमेला ३६ किलोमीटरची. समुद्रात पडली म्हणून कळली. जमिनीवर पडली असती तर कोणी विचारलेही नसते. म्हणून प्रत्येक बिंदू नकाशावर टाकून बघणे ही पायरी वगळायची नाही.

गाळाच्या गाभ्याचे (तळात नळी खुपसून काढलेल्या उभ्या नमुन्याचे) तक्ते: खोलीच्या रकान्यात ‘०-२’ ठीक आहे, पण ‘२-४’ची एक्सेलने तारीख करून ठेवली आहे. शून्य ही तारीख नसते, म्हणून पहिली ओळ वाचली. वरची खोली आणि खालची खोली असे दोन रकाने केले.

१३ जून

प्राणी आणि त्यांच्या जागा. या टप्प्यावर घाई नको.

गटाकडे झुआरीच्या चिखली उपसागरातल्या प्लाकुना प्लासेंटा या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांच्या नोंदी आहेत. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी लावलेल्या दिसतात त्याच. शिवाय मोरजी आणि आगोंदच्या किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांच्या जीपीएस नोंदी आहेत. गटाचा प्रस्ताव होता की दोन्ही सारख्याच झाकाव्यात. आमचे मत वेगळे पडले.

कासवे त्या किनाऱ्यांवर येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि किनारा संरक्षित आहे. गाव झाकण्यात अर्थ नाही. झाकायला हवे ते चालू हंगामातल्या एकेका घरट्याचे ठिकाण. अंडी साधारण ४५ ते ६० दिवसांत फुटतात, त्यानंतर त्या बिंदूवर चोरण्यासारखे काही उरत नाही. म्हणून किनारा, महिना आणि घरट्यांची संख्या खुली. नेमके बिंदू हंगाम संपल्यानंतर एक वर्षाने, नोंदणी करून मागणाऱ्यांना.

शिंपल्यांचे उलट आहे. त्या जागा बदलत नाहीत, दहा वर्षांपूर्वीचा बिंदू आजही माणसाला थेट थरापर्यंत नेतो. इथे ‘जुने झाले, आता देऊ’ चालत नाही. दशांश चिन्हानंतरचे अंक कमी करायचे ठरले. ०.०१ अंश म्हणजे आपल्याकडे सुमारे १.१ किलोमीटर, म्हणजे उपसागर ओळखू येतो. ०.१ अंशाचा चौकोन उत्तर-दक्षिण ११.१ आणि पूर्व-पश्चिम १०.७ किलोमीटर, त्यात अख्खे नदीमुख मावते. चौकोनाचा मध्यबिंदू दिला आणि अनिश्चिततेच्या रकान्यात ८००० मीटर लिहिले. मध्यापासून कोपरा ७.७ किलोमीटरवर असतो, म्हणून. जागा मुद्दाम ढोबळ केली आहे हे सामान्यीकरणाच्या रकान्यात स्पष्ट लिहिले. बिंदू गुपचूप इकडेतिकडे हलवण्याची पद्धत आम्ही वापरत नाही. वाचणारा त्या खोट्या बिंदूला खरा समजून त्यावर नकाशे करतो.

दुपारी एक मोठे छिद्र सापडले. शिंपल्यांच्या तक्त्यात जागा ढोबळ, पण स्टेशनचा संकेतांक पाण्याच्या तक्त्यातलाच, आणि तिथे जागा नेमकी! दोन फाइली जोडल्या की सगळे उघडे. संकेतांक बदलला. तरी पुरेना: शिंपल्यांच्या ओळीत त्या दिवशीची क्षारता आणि तापमानही होते, आणि त्या दोन आकड्यांवरून पाण्याच्या तक्त्यातली ओळ शोधता येते. ते रकाने काढले, तारीख महिन्यापुरती ठेवली. फोटोंतली जीपीएसची माहिती पुसली आणि फाइलींची नावेही बदलली, कारण नावात संकेतांक होता.

बाकीच्या प्रजातींना असले काही लागत नाही. फक्त स्थानिक नावांचा घोळ आहे. ‘तिसऱ्यो’ या एका नावाखाली बाजारात एकाहून जास्त जातींचे शिंपले येतात. जिथे नमुना ठेवलेला नाही तिथे शास्त्रीय नाव प्रजातीपर्यंत न नेता कुळापर्यंतच लिहायचे आणि ऐकलेले नाव वेगळ्या रकान्यात जसेच्या तसे ठेवायचे.

१६ जून

मुलाखती. खाजन शेतीवर ३८ मुलाखती, बहुतेक कोकणीत, काही मराठीत. गटाने नावे काढून ‘शेतकरी १’, ‘शेतकरी २’ केले होते आणि काम झाले असे मानले होते.

नाव काढल्याने ओळख जात नाही. लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवले होते की पोस्टाचा पाच आकडी विभाग क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. आपल्या गावांना तेवढेही लागत नाही. या नऊ गावांपैकी सातांत एकच मोठी मानस (बांधातले पाणी आत-बाहेर सोडायचे दार) आहे. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क पावणीत (लिलावात) ज्याला मिळाला तो माणूस एकच. ‘मानस घेणारा, वय ५०-६०’ असे लिहिले की गावातले शेंबडे पोरही नाव सांगेल. आणि मुलाखतीत पावणीची रक्कम आहे, रात्री मानशीची दारे कोणी उघडी ठेवली याचे आरोप आहेत, बांध कुठे मुद्दाम फोडला, कुळे आणि गांवकरी (गावच्या सामाईक जमिनीचे पिढीजात हक्कदार) यांच्यात काय चालू आहे, हेही आहे. एका गावात हे प्रकरण कोर्टात आहे. इथे नुकसान कागदावरचे नाही. माणसाला गावात तोंड दाखवायची अडचण होते, कधी त्याहून वाईट.

म्हणून प्रत्येक मुलाखतीसाठी अप्रत्यक्ष ओळखीच्या खुणांचा तक्ता केला: गाव, वय, काम, जमिनीचा आकार, धर्म, पावणीची रक्कम, घरातले कोण परदेशी आहे. मग मोजले, की यांतल्या कुठल्याही तीन खुणा एकत्र घेतल्या तर किती लोक सारखे दिसतात. पाचपेक्षा कमी निघाले तर ती खूण ढोबळ करायची. गावाऐवजी तालुका, वयाऐवजी ‘५० खाली’ किंवा ‘५० वर’, रक्कम काढून टाकायची. एवढे करूनही १४ मुलाखती एकट्याच उरल्या. त्यांचे शब्द कितीही पुसले तरी माणूस ओळखू येतो. त्या बाहेर जाणार नाहीत.

ध्वनिमुद्रण कुठलेच द्यायचे नाही. आवाज ही ओळखच आहे, आणि इथल्या कोकणीत तर बोलण्याच्या ढंगावरून सासष्टीचा की बार्देशचा हेही कळते.

आणखी एक: एकेका माणसाची ओळख पुसली तरी गावाची राहते. ‘अमुक गावात खाजनात अवैध भराव टाकतात’ हे वाक्य त्या माणसाला नाही, सगळ्या गावाला लागते. अशा परिच्छेदांत गाव काढले; जिथे नदीचे वर्णन वाचून गाव कळते तिथे परिच्छेदच काढला आणि चौकोनी कंसात ‘येथील सुमारे १५० शब्द वगळले आहेत’ असे लिहिले. किती वगळले ते सांगायलाच हवे.

१७ जून

संमतीपत्रे काढून वाचली. हे काम पहिल्याच आठवड्यात व्हायला हवे होते, पुढच्या वेळी तसे करायचे. छापील वाक्य: ‘मी दिलेली माहिती फक्त या संशोधनासाठी वापरली जाईल.’ या ‘फक्त’ने दार बंद केले. ओळख पुसलेली मुलाखतसुद्धा दुसऱ्या संशोधकाला देता येत नाही.

गटातून सूचना आली की २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे. आहे, पण ती मानके पाळण्याच्या अटीवर आहे. आणि लोकांना दिलेला शब्द कायद्यातल्या सवलतीने मोडायचा नसतो. पुन्हा संमती घ्यायची, नाहीतर द्यायचे नाही.

नव्या संमतीपत्रात तीन वेगळ्या चौकटी: ओळख पुसलेली पूर्ण मुलाखत भांडारात ठेवावी का, नोंदणी केलेल्या संशोधकालाच दाखवावी का, की फक्त सारांश. ‘फक्त’ हा शब्द नाही. कोकणी मजकूर देवनागरीत आणि रोमी लिपीत, दोन्हींत, कारण तिसवाडी-सासष्टीतले बरेच वयस्कर लोक रोमीच वाचतात. तोंडी वाचून दाखवायचे ते वेगळेच. गप्प राहिलेल्याचा अर्थ ‘नाही’ धरायचा. आता सरदाची (पावसाळी पिकाची) पेरणी चालू आहे, पावसाने मीठ धुऊन गेले की कोरगुट (खाऱ्या जमिनीत येणारे भात) टाकायची गडबड असते, लोकांना गाठायची ही वेळ नाही.

कोरगुटच्या बियाण्याविषयी आणि मीठ बाहेर काढण्याच्या पद्धतींविषयी मुलाखतींत जी माहिती आहे ती एकट्या माणसाची नाही, गावाची आहे. ती उघडी करण्यापूर्वी शेतकऱ्यांच्या बैठकीत वाचायची. जैवविविधता कायदा २००२ इथे कितपत लागतो, ते संस्थेच्या समितीला लेखी विचारले.

२० जून

किरकोळ, पण अडकवणारे:

पावसाचे आकडे हवामान खात्याकडून हमीपत्र देऊन घेतलेले आहेत. पुढे वाटायचे नाहीत. केंद्रांची नावे, कालावधी आणि मागणी कुठे करायची ते लिहिले. मॉडेल पुन्हा चालवू पाहणाऱ्याला ते स्वतः घ्यावे लागतील, हे रीडमीत (डेटासोबतच्या माहितीच्या फाइलीत) पहिल्याच पानावर.

ड्रोनची चित्रे: खारफुटीची, झुआरीच्या दक्षिण काठावरची. शेजारी दाबोळी, म्हणजे नौदलाचा तळ. उड्डाणाच्या परवान्यातल्या अटी वाचल्याशिवाय मूळ चित्रे बाहेर जाणार नाहीत. परवानापत्राची दोन पाने सापडत नाहीत. तोपर्यंत चित्रांवरून काढलेली खारफुटीची सीमारेषासुद्धा थांबवली.

पाण्यातल्या डीएनएचे क्रम फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात. तिथले मेटाडेटाचे (नमुन्यांच्या वर्णनाचे) साचे आधी भरून घ्यावेत, क्रम नंतर चढवावेत. उलट केले की नमुन्यांची नावे जुळत नाहीत.

क्षेत्रवह्या: ३०० डीपीआयने स्कॅन केल्या. काही पानांवर बुरशी चढली आहे, ती आधी. पानोपानी होडीवाल्यांचे फोन नंबर आहेत. पहिल्या प्रयत्नात पीडीएफवर काळी पट्टी टाकली, पण खालचा, संगणकाने ओळखलेला मजकूर तसाच होता, निवडून कॉपी केला की नंबर येत होता. आता पट्टी चित्रावर टाकून, चित्र सपाट करून मगच पीडीएफ करायची, आणि ‘सगळे निवडा, कॉपी करा’ करून तपासायचे.

२३ जून

निर्णयाचा तक्ता गटाने सही करून दिला. चार खण: खुला, तारखेनंतर खुला, विनंतीवर, फक्त वर्णन. शेवटच्या दोन खणांतल्या प्रत्येक फाइलपुढे कारण एका वाक्यात आणि फेरविचाराची तारीख. ‘संवेदनशील’ एवढेच कारण आम्ही स्वीकारत नाही. कोणाला, कशाने, काय इजा होईल ते लिहायचे. ‘विनंतीवर’ असेल तर विनंती कोणाकडे जाईल तेही: माणसाचे नाव चालत नाही, पद आणि संस्थेचा पत्ता हवा. माणसे बदली होऊन जातात.

‘तारखेनंतर’मध्ये एका विद्यार्थिनीचा प्रबंध सुरू असलेला तक्ता आहे. हे कारण रास्त आहे, तिचे दोन वर्षांचे कष्ट त्यात आहेत. पण ‘पेपर आल्यावर’ असे लिहू दिले नाही. पेपर कधी येईल ते कोणालाच ठाऊक नसते आणि फाइल कायमची अडकते. ३० जून २०२६ लिहिले. मुदत एकदा वाढवता येईल, कारण देऊन.

उद्या सांजांव (सेंट जॉनचा सण). तपासणी परवा.

२५ जून

परीक्षा. दुसऱ्या विभागातल्या, या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एका संशोधकाला फोल्डर दिला आणि पेपरातली तिसरी आकृती काढायला सांगितली. गटातल्या कोणी शेजारी बसायचे नाही, ही अट.

पहिली अडचण तिसऱ्या मिनिटाला: स्क्रिप्टमध्ये फाइलीचा पत्ता ‘डी ड्राइव्ह’पासून लिहिलेला. दुसरी: गावांची देवनागरी नावे एक्सेलमध्ये उघडल्यावर चिंधड्या झालेली. फाइल यूटीएफ-८ होती, पण सुरुवातीची बीओएम खूण नव्हती. ती घालून जतन केली. तिसरी सर्वांत मोलाची होती: आकृतीत ११ स्टेशने, तक्त्यात १३. दोन का वगळली ते कुठेच लिहिलेले नव्हते. गटाला विचारले. त्या दोन ठिकाणी पूल बांधायचे काम चालू होते. हे कारण रीडमीत गेले. ही परीक्षा घेतली नसती तर दहा वर्षांनी कोणीतरी असा निष्कर्ष काढला असता की नकोसे आकडे लपवले.

रकान्यांचा शब्दकोश पूर्ण केला: नाव, अर्थ, एकक, किती दशांश, रिकामे म्हणजे काय.

२७ जून

परवाना. गटाला ‘व्यापारी वापर नको’ असे कलम हवे होते. समजावले की त्यातून अडतात ते नेमके नको ते: पर्यावरण आघात अहवाल करणारा सल्लागार, वर्तमानपत्र, पुस्तक छापणारा प्रकाशक. खाणी आणि बंदरांविषयीचे अहवाल चांगल्या आकड्यांवर उभे राहावेत, हे नदीच्याच भल्याचे. पाण्याचे आणि गाळाचे तक्ते सीसी बाय ४.० वर (श्रेय देऊन कोणीही वापरावे, असा परवाना), प्रजातींच्या नोंदीही त्याच परवान्यावर, ओबीस या सागरी जीवांच्या जागतिक नोंदसंग्रहाकडे.

बाकी सगळे झेनोडो या खुल्या डेटा भांडारावर. तिथे एका नोंदीत ५० जीबी आणि १०० फाइलींची मर्यादा आहे, त्यामुळे मूळ उपकरणाच्या फाइली फेरीगणिक झिप केल्या. एकच मोठी नोंद न करता तीन केल्या: पाणी, गाळ, मॉडेल. गाळाचा डेटा वापरणाऱ्याने गाळाचाच डीओआय (नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक) द्यावा. प्रसिद्ध झाल्यावर फाइली सहज बदलता येत नाहीत, नवी आवृत्ती काढावी लागते. म्हणून मसुदा दोन दिवस तसाच ठेवला आणि चढवलेल्या फाइली उतरवून २ जूनच्या पद्धतीनेच चेकसम ताडले. जुळले.

३० जून

तिन्ही नोंदी प्रसिद्ध. मुलाखतींसाठी फक्त वर्णनाची नोंद: किती मुलाखती, कोणत्या तालुक्यांत, प्रश्नावली पूर्ण, बाकी का नाही ते. प्रश्नावली खुली करायला कोणाचीच हरकत नव्हती, आणि दुसऱ्या नदीवर काम करणाऱ्याला तिचाच जास्त उपयोग होतो.

उरलेले: ड्रोन परवान्याची दोन पाने, समितीचे उत्तर, २४ जणांकडे नवे संमतीपत्र घेऊन जाणे. शेवटचे चवथीनंतर, २७ ऑगस्टची चवथ आणि विसर्जने आटोपली की. दोन जणांनी जायचे, एकाला रोमी वाचता यायला हवी. सोबत त्या त्या माणसाच्या मुलाखतीची ओळख पुसलेली प्रत न्यायची, म्हणजे नेमके काय बाहेर जाणार ते त्याला हातात धरून वाचता येईल.